गप्प अंडी

४ मार्च

वहिनी,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं वहिनी. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी माझं वाक्य अर्धं असताना तू फोन ठेवून दिलास. कागदाचं बरं असतं. फाडायचा म्हटला तरी माणूस आधी वाचतो.

अण्णांचं पत्र आलं. बदकांची याही वेळची खेप वाया गेली म्हणे. मशीन भरून अंडी लावली आणि हाती आली ओंजळभर पिल्लं, त्यातलीही निम्मी लुळी. या मोसमातली ही तिसरी खेप. अण्णांनी पुढे एवढंच लिहिलंय, "सूनबाईच्या हाताला यश नाही." ती ओळ मी छापखान्यात उभ्या उभ्या वाचली आणि दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव बसवून मोकळी झाले.

तू त्या घरात आलीस तेव्हा तुला नर कुठला नि मादी कुठली हेही कळत नव्हतं. अण्णांनी तुला शिकवलं. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अण्णा एकेक अंडं कानाला लावायचे आणि सांगायचे, 'बोलतंय', नाहीतर 'गप्प आहे'. त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. लांबलांबचे लोक आपली अंडी टोपलीत घालून त्यांच्या कानाशी आणायचे. अशा माणसाची अंडी तुझ्या हाताखाली मरतात, आणि वर तू माझा फोन आपटतेस!

दादा म्हणाला, पुढची खेप अशीच गेली तर मशीन विकायचं आणि उबवणीच्या खोलीला कुलूप लावायचं. ती खोली गेली तर अण्णांचं काय उरतं, ते तूच सांग.

आणि ते फोनवर का येत नाहीत? मला लिहितात, "फोनात नुसती खरखर येते, तू आपली पत्रं लिही." मला तर खरखर येत नाही. मला तुझा आवाज येतो. "अण्णा झोपलेत." "अण्णा बाहेर गेलेत." माझ्याच बापाशी बोलायला मला तुझी परवानगी लागते का?

बारकी


९ मार्च

बारके,

मांडीवर पिल्लू होतं म्हणून तुझं पत्र फाडता आलं नाही. आता हे पत्रही त्याला सांभाळतच लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर खापर माझ्याच हातावर फोड. सवय झालीय.

लुळी म्हणालीस ना? सांगते लुळी म्हणजे काय. दोघांचे पाय फाकलेत, बाजूला घसरतात, उभं राहता येत नाही. मऊ कापडाची चिंधी घेऊन दोन्ही पाय आठ आकड्यासारखे सैल बांधलेत, आणि खोक्यात गुळगुळीत कागदाऐवजी जुना टॉवेल घातलाय, म्हणजे नखं रुततात. एकाला मान धरता येत नाही. त्याची चोच कोमट पाण्यात बुडवते, तो एक घोट घेतो, मग आम्ही दोघं दमतो. पाण्याच्या ताटलीत खडे टाकलेत, नाहीतर हे बदकाचं पोर बोटभर पाण्यात बुडून मरेल. एकाच्या बेंबीला बलक लटकतोय. तो ओढायचा नाही, कापायचा नाही, कोरड्या फडक्यावर पिल्लू ठेवायचं आणि वाट बघायची. हे सगळं मी स्वयंपाकघरात, बल्बखाली करते, कारण उबवणीच्या खोलीत शेवटच्या दिवसांत मला पाऊल टाकायची बंदी आहे. अण्णांचाच नियम. अंडं एकदा बोलायच्या वयाला आलं की त्याला फक्त अण्णांचा हात.

मग तुझ्या हाताखाली मरतात म्हणालीस ते कुठल्या दिवसांत? तोवर मशीन मी बघते हे खरं. ऊब मी राखते, अंडी मी फिरवते, बल्बसमोर धरून आत शिरा धरल्यात का ते मी पाहते. पण मशीनच्या आत ओल राहायला ठेवलेलं पाणी कधी वाढवायचं, अंडी फिरवायची कधी थांबवायची, दार कधी बंद करायचं, हे अण्णांच्या कानावर. मी कॅलेंडरवर बोट ठेवून म्हटलं, "अण्णा, दिवस भरलेत." म्हणाले, "कॅलेंडर अंडी उबवत नाही. अजून गप्प आहेत." मग फिरवणं चालूच, दार उघडणं चालूच, आत कोरडं ठणठणीत. शेवटी वैतागून "मेलीत" म्हणतात आणि बादली माझ्या हातात देतात. परसातल्या खड्ड्यात नेऊन पुरायचं काम माझं.

यावेळी पुरण्याआधी मी वरची काही फोडून पाहिली. रिकामी फार थोडी निघाली. रक्ताचं नुसतं कडं धरून थांबलेलीही थोडीच. बाकीच्यांत अख्खी पिल्लं होती, बारके. पिसं, नखं, चोच, सगळं. चोच आतल्या हवेच्या पोकळीत खुपसलेली आणि आतली पातळ साल सुकून अंगाला चामड्यासारखी चिकटलेली. अशी पिल्लं सूनबाईच्या हाताने मरत नाहीत, शेवटच्या दोन दिवसांत ओल न मिळाल्याने मरतात. हे मी तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." लग्न झाल्यापासून तो बघतोच आहे.

फोनचं म्हणशील तर फोन मी त्यांच्या हातात नेऊन देते. ते हात झटकून निघून जातात. मुलीला "यायचं नाही म्हणतात" असं कसं सांगायचं, म्हणून मी "झोपलेत" म्हणते. यापुढे खरं तेच सांगेन.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

मेलेल्या पिल्लांची चिरफाड करून तू माझ्या बापाला खोटं पाडायला निघालीस, धन्य आहे! अण्णांनी चाळीस वर्षं नुसत्या कानावर अंडी उबवली, तेव्हा कुणी सुकलेली साल दाखवायला आलं नव्हतं. आई असती तर तुझी ही भाषा तिने ऐकून घेतली नसती.

मी दादाला स्पष्ट लिहिलंय. पुढच्या खेपेला तू मशीनला बोटही लावायचं नाहीस. पहिल्या दिवसापासून सगळं अण्णा करतील. मग बघू कुणाच्या हाताला यश आहे ते.

फोनचं तुझं म्हणणं मला पटलेलं नाही.

बारकी


१६ एप्रिल

बारके,

बस आणि वाच.

तुझ्या पत्राने मला खोलीबाहेर काढलं. दादाने तुझा शब्द झेलला, अण्णांनी आत कडी घातली, आणि अख्खी खेप मी बाहेरून पाहिली. म्हणजे मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकली. बादली मात्र माझ्याकडेच ठेवली होतीत. त्या कामाला माझा हात चालतो.

परवा दुपारी अण्णांनी बादली दिली. काठोकाठ भरलेली. म्हणाले, "एकही बोलत नाही. मेलीत सगळी. तुझी सावली पडली असणार." बादली खड्ड्याशी नेली तर फावड्याचा दांडा निखळलेला. दगड आणून ठोकत बसले. इतक्यात वीज गेली. पंखा थांबला, शेजारची पिठाची गिरणी थांबली, सगळं एकदम शांत झालं.

आणि बादली बोलायला लागली.

एक नाही, दोन नाही, सगळी बादली. आतून, कवचाच्या आतून, बारीक चिवचिव, ठकठक. मी फावडं टाकलं. एक अंडं कानाला लावलं, दुसरं लावलं. वरच्या दोनतीन थरांत गप्प असं एक सापडलं नाही. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग माझी नजर खड्ड्याकडे गेली. या मोसमात तीन वेळा मी तिथे बादली ओतलीय. माती लोटलीय. पायाने दाबलीय. माझ्या पायाने, बारके! मागच्या खेपेला मी फोडून पाहिली ती वरची मूठभर, बाकीची तशीच पुरली. त्यातली किती बोलत होती ते मला आता कधीच कळणार नाही.

बादली स्वयंपाकघरात आणली. गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या, ओल्या फडक्यात अंडी गुंडाळली, मोठ्या पातेल्यात रचली, वर झाकण कलतं ठेवलं. सोलून बाहेर काढावीत असं हाताला फार वाटत होतं. पण सालीत रक्ताच्या शिरा दिसत असताना सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं, म्हणून हात मांडीखाली घेऊन बसले. कालपासून निघतायत. अशक्त आहेत, काही निघता निघता गेली, पण निघतायत. पहिलं निघालं त्याचं नाव फौजदार ठेवलंय, कारण ते श्वास घ्यायलाही ओरडणं थांबवत नाही. त्याचेही पाय फाकलेत, चिंधी बांधलीय, तरी घसरत घसरत सगळीकडे जातं.

आज सकाळी अण्णा पाटावर पाठमोरे चहा पीत बसले होते. फौजदार टोपलीतून निसटलं आणि त्यांच्या मागे जाऊन बोंबलायला लागलं. शेजारीण कुंपणावरून डोकावली. अण्णांनी मान वळवली नाही. मी मागे उभी राहून हाक मारली. नाही. मी पातेलं फरशीवर आपटलं. नाही. ते उठले, फौजदाराच्या अंगावर पाय पडता पडता राहिला, आणि त्यांनी दचकून विचारलं, "हे कधी आलं?"

तुझ्या बापाला ऐकू येत नाही, बारके. केव्हापासून, देव जाणे. फोनात खरखर नाही. फोनात तू आहेस, आणि ती त्यांना ऐकू येत नाही.

मला का कळलं नाही म्हणशील. सासरा सुनेचं ऐकत नाही यात मला काही विशेष वाटलं नाही. मी दहा गोष्टी सांगायचे, ते भलतंच उत्तर द्यायचे, आणि मी मनात म्हणायचे, माझी किंमत एवढीच. किती वर्षं मी तो राग पोसलाय! तोही आता कुठे ठेवू ते कळत नाही.

अजून कुणाला बोलले नाही. पण बोलणार आहे. मशीन बघायला गिऱ्हाईक येणार आहे, त्याआधी.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून खूप रडले. छापखान्यात आमचा एक म्हातारा मशीनवाला आहे. मशीनच्या आवाजाने त्याचे कान गेलेत. तो सगळ्याला "हो हो" म्हणतो, मोठ्याने बोलतो, आणि प्रश्न विचारला की काम निघाल्यासारखा उठून जातो. रोज पाहते त्याला. अण्णांचं तसंच चाललंय हे मला का सुचलं नाही? मी म्हणत बसले, वहिनी फोन देत नाही.

मी तुला जे जे लिहिलं ते सगळं चुकलं. फाडून टाक.

पण एक मागते. अण्णांना सांगू नकोस. कान गेला म्हटलं तर त्यांच्याजवळ काय राहिलं? लोक टोपल्या घेऊन यायचे, वहिनी. त्यांना लोकांसमोर ते मान्य करायला लावलंस तर ते अंथरूण धरतील. त्यापेक्षा म्हण ना, मशीनचा ऊब राखणारा काटा बिघडला होता. मशीन काही रुसणार नाही. तुझ्यावरचा डागही जाईल, त्यांचाही मान राहील.

तुझी बारकी


२४ एप्रिल

बारके,

नाही.

तुझ्या बापाचा मान राहावा म्हणून मी मशीनवर आळ घ्यायचा. म्हणजे पुढच्या खेपेला नवा काटा येईल, अण्णा पुन्हा अंडं कानाला लावतील, पुन्हा 'गप्प आहेत' म्हणतील, आणि मी पुन्हा जिवंत बादली खड्ड्यात ओतेन. हे तू रडून झाल्यावर डोळे पुसून लिहिलंस? का रडतानाच?

त्यांच्या कानाबद्दल माझा राग नाही. कान कुणाचेही जातात. माझा राग हा की त्यांना माहीत होतं. फोनापासून पळणाऱ्या माणसाला आपल्याला ऐकू येत नाही हे माहीत असतं. माहीत असून त्यांनी 'गप्प आहे' म्हटलं, आणि माझ्या हाताचं नाव दाणेवाल्यापासून अंडीवालीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. अंडीवाली आता माझ्या हातून अंडी घेत नाही, टोपली खाली ठेवायला सांगते. तिथे माझा मान गेला तेव्हा तुला कुणी पत्र लिहिलं नाही.

मी त्यांना सांगणार होते. आता नाही सांगत. तू सांग. मी सांगितलं तर ती सुनेची उलट बोली होईल, आणि ऐकूही जाणार नाही. त्यांना वाचता चांगलं येतं. लिहून पाठव, आणि गुळमुळीत लिहू नकोस. गिऱ्हाईक रविवारी येतंय.

वहिनी


२६ एप्रिल

अण्णा,

तुम्हाला आवडतं तसं थोडक्यात लिहिते. तुम्हाला ऐकू येत नाही. वहिनीने नेलेली शेवटची बादली जिवंत होती. तुमच्या मागे ओरडणारं पिल्लू त्याच बादलीतलं आहे. त्याला हातात घ्या. त्याची छाती थरथरते, ते ओरडणं आहे.

फोनात खरखर नव्हती. मी होते. मी दर वेळी विचारायचे, अण्णा, जेवलात का.

मी वहिनीला नको नको ते बोलले, तुमच्या एका ओळीवरून. माझं मी निस्तरेन. तुमचं तुम्ही निस्तरा.

रागावलात तर लिहा. न रागावलात तरी लिहा.

तुमची बारकी


१ जून

प्रिय बारके,

महिनाभर लिहिलं नाही, कारण राग होता. अजून आहे, पण आता त्याला घेऊन कामं करता येतात.

तुझं पत्र अण्णांनी शनिवारी वाचलं. घडी घातली, उलगडली, परत वाचलं. जेवले नाहीत. फौजदाराला खोक्यातून उचलून किती तरी वेळ तळहातावर धरून बसले. मला वाटलं, तू म्हणालीस तसं अंथरूण धरतात की काय. मला वाईटही वाटलं आणि वाईट वाटल्याचा संतापही आला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. फाटकाशी तुझा दादा त्याला मशीनचं कौतुक सांगत होता. अंडीवाली तिथेच टोपली घेऊन उभी, दाणेवाला पोती उतरवत होता. मी परसात भांडी घासत होते. अण्णा आले, मला खुणेने दाण्याच्या कोठीमागे बोलावलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री करून घेतली. मग वाकून माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजले.

म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले. "सूनबाई! माझे कान गेलेत! तुझ्या हाताला काही झालेलं नाही! मी मारली पिल्लं, मी! तुझं नाव घेतलं, चुकलं माझं! कुणाला सांगू नकोस!"

बारके, तळ्यातली बदकं उडाली. गिऱ्हाईकाचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला. दाणेवाल्याने पोतं खाली ठेवलं. अंडीवाली माझ्याकडे बघत होती, तुझा दादा जमिनीकडे. 'कुणाला सांगू नकोस' तर गल्लीच्या टोकाच्या शिंप्यापर्यंत गेलं, त्याने मशीन थांबवलेलं मी ऐकलं. आणि अण्णा माझ्याकडे बघत, घाबरलेले, की मी आता काय म्हणते.

मोसमभर मी मनात किती भाषणं रचली होती. मी नुसतं खड्ड्याकडे बोट दाखवलं. ते तिकडे बघत राहिले. त्यांची हनुवटी हलायला लागली, मग मी बोट खाली केलं. माफ केलं असं नाही. खड्डा तिथेच आहे आणि मला रोज दिसतो.

मशीन विकलं नाही. तुझ्या दादाने गिऱ्हाईकाला फाटकातूनच परत पाठवलं. त्याने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. दुसऱ्याच दिवशी नवी खेप लावली. यावेळी दिवस भरले तशी मीच अंडी फिरवणं थांबवलं, पाणी वाढवलं, दार लावलं. आता ऐकणं माझं. अण्णा खोलीबाहेर उभे राहतात, मी बाहेर आले की विचारतात, "बोलतायत का?" मी मान हलवते, मग त्यांच्या चेहऱ्यावरचं बघत नाही. बादली ते स्वतः वाहतात, पण त्याआधी त्यातलं एकेक अंडं माझ्या हातात देतात, आणि मी 'गप्प' म्हटल्याशिवाय उचलत नाहीत. सगळी निघाली नाहीत. सगळी कधीच निघत नाहीत. पण घर चिवचिवाटाने भरलंय, आणि अंडीवाली माझ्या हातून टोपली घेते, नजर चुकवत का होईना. फौजदार पोहतो, पायाची चिंधी सुटली. एक पाय अजून तिरका टाकतो, फौजदाराला शोभतो.

गल्लीने मात्र कमाल केली. त्या दिवसाबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. दाणेवाला अण्णांच्या समोर येऊन उभा राहतो, मगच बोलतो. शिंपी हातवारे करतो. सगळे घसा ताणून बोलतात.

अण्णांना संशय आलाय. काल मला कोठीमागे बोलावून विचारलं, "लोक हल्ली उगाच एवढं ओरडून का बोलतात? तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"

मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि तोंड मोठं उघडून म्हटलं, "नाही, अण्णा."

खरंच आहे, बारके. मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तुझी वहिनी